परिधेय शिल्प : ऑक्सस ठेव्यातील सुवर्णकडी

दागिन्याचे मोल ठरविताना वजन, कस आणि घडणावळ यांचा विचार होतो. शिल्प म्हणून त्याकडे क्वचितच पाहिले जाते. ही दृष्टी किती अपुरी आहे, हे ऑक्सस ठेव्यातील सोन्याच्या कड्यांच्या जोडीवरून स्पष्ट होते. अमूदर्या, म्हणजेच प्राचीन ऑक्सस नदीच्या परिसरात, आजच्या ताजिकिस्तानात, 1877 ते 1880 च्या सुमारास हा ठेवा सापडला. त्यातील सुमारे 180 वस्तू प्रामुख्याने इ.स.पूर्व पाचव्या-चौथ्या शतकांतील, इराणच्या हखामनी साम्राज्याच्या काळातील मानल्या जातात.

सुमारे 12 सेंटिमीटर उंचीच्या या कड्यांची दोन्ही टोके खुली असून त्यांवर ग्रिफिन समोरासमोर उभे आहेत. ग्रिफिन म्हणजे सिंहाचे शरीर आणि गरुडाचे मस्तक व पंख असलेला काल्पनिक प्राणी. येथे त्याला शिंगेही आहेत. महाराष्ट्रातील गडांच्या दरवाज्यांवरील शरभ पाहिलेल्यांना अशी संमिश्र प्राणिकल्पना परकी वाटू नये. प्राण्याचा मागील भाग कड्याच्या पृष्ठभागावर केवळ उठावाने दाखविला आहे. पुढे मात्र मान, मस्तक आणि शिंगे मोकळ्या अवकाशात येतात. उत्थित शिल्पाकडून पूर्ण शिल्पाकडे होणारे हे संक्रमण हाताच्या वळणाबरोबरच घडते. म्हणून मनगट हे या शिल्पाचे केवळ आसन नसून त्याच्या रचनेचाच भाग होय. पंखांवरील व अंगावरील कोंदणे आज रिकामी आहेत. एकेकाळी त्यांत रंगीत जडावकाम होते. तेव्हा निव्वळ पिवळ्या धातूची झळाळी हे या कड्यांचे मूळ रूप नव्हे.

अशी कडी केवळ हौसेची नव्हती. पर्सेपोलिस येथील अपादान प्रासादाच्या जिन्यांवर, सम्राटासाठी प्राणिमुखी कडी घेऊन येणारे प्रजाजन कोरलेले आहेत. सम्राटाकडूनही कडी मानाची भेट म्हणून दिली जात. ग्रीक लेखक झेनोफॉनने धाकट्या सायरसच्या देणग्यांत घोडा, कंठा व खंजीर यांच्यासोबत कड्यांचा उल्लेख केला आहे. ती धारण करणे म्हणजे राजकृपा उघडपणे अंगावर मिरविणे होते.

पुढील प्रवास मात्र संग्राहकांच्या हातांतून झाला. 1880 मध्ये काबूल-पेशावर मार्गावर लुटल्या गेलेल्या व्यापाऱ्यांचा बराच माल कॅप्टन बर्टन या ब्रिटिश अधिकाऱ्याने सोडविला आणि त्यांच्याकडून यातील एक कडे विकत घेतले. ते 1884 मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने, म्हणजे पुढील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने, 1000 पौंडांना खरेदी केले. त्याचे जोडीदार कडे ऑगस्टस वोलॅस्टन फ्रँक्स यांच्या मृत्युपत्रान्वये 1897 मध्ये ब्रिटिश संग्रहालयाकडे आले. एकाच जोडीची दोन कडी अशा रीतीने दोन संस्थांच्या दप्तरी स्वतंत्रपणे नोंदली गेली.