स्वतः काढलेलं खनिज फुकट नसतं!

'ईव्ह ऑनलाइन' हा 2003 पासून चालू असलेला अंतराळातला गेम. जहाजं खेळाडूच बनवतात, जिता नावाच्या बाजारात विकतात. नवा खेळाडू लघुग्रह फोडून खनिज काढतो, जहाज बनवतो आणि म्हणतो, "खनिज फुकटचं, सगळा नफाच!" अहो, तेच ट्रायटॅनियम कच्चं विकलं असतं तरी पैसे आलेच असते ना? तो भाव खर्चात धरा. वर कारखान्याची फी, विक्रीकर, ब्रोकरची फी. एवढं जाऊन काही उरत असेल तरच बनवायला घ्या; तोवर खनिज विका. ब्लूप्रिंटवर संशोधन केलं की माल 10 टक्क्यांपर्यंत कमी लागतो, आणि बऱ्याचदा नफा तिथेच सुटतो. आता सांगा, घरच्या झाडाच्या कैऱ्यांचं लोणचं विकताना तुम्ही कैरीचा भाव किती धरलाय?