एका आळ्यात दोन बिया

शाळेत आपण शिकवतो की जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. आणि दोन्ही कामाला लागतात. बहुतेक जनुकांपुरतं हे खरंही आहे. पण रोगजंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींत टी-पेशी नावाची एक जात आहे, ती हा नियम सरसकट पाळत नाही.

जंतूची चाहूल लागली की या पेशी इतर पेशींना प्रथिनांच्या रूपाने निरोप धाडतात. या निरोप्यांना सायटोकाइन म्हणतात. इंटरल्यूकिन-२ हा त्यांपैकी एक. त्याचा निरोप एवढाच, 'संख्या वाढवा.' तो कमी पडला तर फौज नीट उभी राहत नाही. आणि फाजील झाला तर? १९९२ साली हेच द्रव्य अमेरिकेत मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगावर औषध म्हणून मान्य झालं. मोठ्या मात्रेत दिलं की रक्तवाहिन्या पाझरू लागतात, रक्तदाब कोसळतो. तेव्हा माप राखणं आलंच.

१९९८ साली उंदरांवरच्या प्रयोगांत असं आढळलं की टी-पेशीत इंटरल्यूकिन-२ची एकच प्रत चालू असते. कुठं आईची, कुठं बापाची. त्याच वर्षी इंटरल्यूकिन-४बद्दलही तसंच दिसलं, मात्र काही पेशींत दोन्ही प्रती जाग्या होत्या. पुढे २००० साली निराळंच निघालं: चेतना पुरेपूर मिळाली तर इंटरल्यूकिन-२च्याही दोन्ही प्रती चालतात!

यात विसंगती आहे असं मला वाटत नाही. आपण एका आळ्यात भोपळ्याच्या दोन बिया टोकतो. समजा, ओल बेताची आहे आणि पाचांतली एकच बी उगवते. मग शंभर आळ्यांपैकी सुमारे ६४ रिकामी राहतील, ३२ आळ्यांत एक रोप दिसेल, आणि जेमतेम ४ आळ्यांत दोन. चांगला वाफसा होऊन पाचांतल्या चार उगवू लागल्या, तर ६४ आळ्यांत दोन-दोन रोपं! 'एकच उगव' असा हुकूम कुणी दिलेला नव्हता. (शिक्षकांनी पाच चिठ्ठ्या करून वर्गात हा हिशेब अवश्य करून पाहावा.)

इंटरल्यूकिन-४चं बरंचसं असंच आहे. जनुकाचा धागा प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. तो सैल झाल्याखेरीज वाचला जात नाही, आणि सैल होण्याचा योग प्रत्येक प्रतीचा वेगळा. चेतनेबरोबर तो योग वाढतो, म्हणून सगळ्या पेशींचा मिळून निरोपही पायरीपायरीने चढतो. एकदा सैल झालेली प्रत, पेशी दुभंगली तरी, तिच्या लेकींत बहुधा सैलच राहते. त्यामुळे एका पेशीची संतती आईची प्रत वाचत असते, आणि शेजारचीची बापाची.