उघड्या चेसिसचे सौष्ठव

खानदेशात कापसाचा हंगाम सुरू झाला की धरणगावच्या रस्त्यांवर ज्या पिकअप गाड्यांची रीघ लागते, त्यांच्याविषयी माझे एक जुने मत आहे. ते असे की हौदा आणि केबिन ही दोन्ही आवरणे उतरवून गॅरेजच्या अंगणात नुसती चेसिस उभी केली, म्हणजे जे दिसते तेच त्या वाहनाचे खरे रूप होय. दोन लांब पोलादी तुळया, त्यांना बांधून ठेवणारे आडवे दांडे, पुढे इंजिन, मागे डिफरन्शियल आणि त्यावरचा भार तोलणारे कमानपाटे या रचनेत एक अभिजात सौष्ठव आहे, आणि कारखानदार ते पत्र्याखाली झाकून टाकतो याची मला नेहमीच हळहळ वाटत आली. भंगारातून जुळवलेल्या, झिलई नाकारणाऱ्या आणि आपली अस्थिरचना उघडी ठेवणाऱ्या ज्या मोटारींना अमेरिकेत 'रॅट रॉड' म्हणतात, त्यांचा नाद मला लागला तो याच कारणाने.

या मोटारींच्या पूर्वजांची, म्हणजे वेगासाठी फेरफार केलेल्या जुन्या 'हॉट रॉड' मोटारींची, कथा हौशी वाचकांना ठाऊक असते. कॅलिफोर्नियातील मुरॉकचे कोरडे सरोवर, फोर्डचे १९३२ सालचे व्ही-८ इंजिन, जानेवारी १९४८ मध्ये निघालेले 'हॉट रॉड' मासिक हे टप्पे ओलांडून मी थेट १९५० सालच्या ओकलंड येथील प्रदर्शनाकडे येतो. कारण 'अमेरिकेतील सर्वांत सुंदर रोडस्टर' हा किताब तेथे प्रथमच देण्यात आला, आणि तो पटकावणारा बिल नीकॅम्प नावाचा इसम आज जाणकारांच्या लहानशा वर्तुळाबाहेर कोणाच्याही स्मरणात नाही. मोटारींना रंग देण्याच्या व्यवसायातला हा माणूस. त्याने १९२९ च्या फोर्डची बॉडी १९२७ च्या एसेक्स मोटारीच्या चेसिसवर बसवली, इंजिन मर्क्युरीचे घेतले, आणि झालेल्या खर्चाचा असा चोख हिशेब ठेवला की त्याची बेरीज, सुमारे १,९०० डॉलर, आजही सांगता येते. पुढे हीच मोटार एल मिराजच्या कोरड्या सरोवरावर ताशी १४० मैलांहून अधिक वेगाने धावली. सौंदर्याचा पहिला मान ज्या मोटारीस मिळाला, तिचा सांगाडा एकीचा, बॉडी दुसरीची आणि हृदय तिसरीचे होते, ही गोष्ट पुढच्या पिढीतील प्रदर्शनवाल्यांनी फार लवकर विसरून टाकली.

ती एका माणसाने मात्र लक्षात ठेवली. जिम जेकब्स, ज्यास त्याच्या वर्तुळात 'जेक' म्हणत, याने नीकॅम्पची ती मोटार पुढे मिळवून पूर्ववत केली. म्हणजे ओकलंडच्या त्या सुंदर रोडस्टरचा प्रत्येक सांधा आणि प्रत्येक बोल्ट त्याच्या हातांखालून गेला होता. १९८० च्या दशकात अमेरिकेतील हॉट रॉडची हौस धनिकांच्या हाती गेली, अखंड अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यांतून कोरलेले चकचकीत भाग आणि आरशासारखा रंग यांवाचून कोणाचे पान हलेना, तेव्हा याच जेकब्सने जुन्या फोर्डची एक स्वस्त, उघडी, चारजणांची मोटार जुळवली आणि स्प्रेगन बाजूस ठेवून ती चक्क ब्रशाने रंगवली. चित्रकार रॉबर्ट विल्यम्स याने त्याच सुमारास नुसत्या प्रायमरच्या अंगाने रस्त्यावर आणलेल्या १९३२ च्या फोर्डचा उल्लेख या पंथाचा आरंभ म्हणून अधिक वेळा होतो. माझ्या मते खरा मान जेकब्सचा आहे, कारण सर्वोत्तम झिलई कशी करावी हे पूर्ण जाणणाऱ्या हाताने ती सोडून दिली होती, आणि असा त्याग जाणकारानेच केला तर त्याला अर्थ असतो. पुढे रॅट रॉडच्या नावाखाली कृत्रिम गंज, लोखंडी कवट्या आणि पाहताच भय वाटावे असे वेल्डिंग यांचा जो सुळसुळाट झाला, त्याचे समर्थन मी कदापि करणार नाही. कच्चा सांधा म्हणजे साधेपणा नव्हे. तो प्रवाशाच्या जिवाशी केलेला अपराध आहे.

अशी मोटार अलीकडच्या पिकअपमधून देखणी कशी घडवावी, हा प्रश्न आमच्या मुलखातल्या मिस्त्रींशी मी पुष्कळ वेळा चर्चिला आहे, आणि त्यातून जे हाती आले ते थोडक्यात असे. पिकअपची चेसिस मजबूत असते, पण उंच असते. म्हणून मागच्या एक्सलपाशी तुळया कापून, वरच्या पातळीवर नेऊन, आतून पट्ट्या घालून पुन्हा जोडाव्या लागतात, म्हणजे मधला सांगाडा जमिनीजवळ येतो. इंजिन शक्य तितके मागे सरकवावे, पुढची चाके बारीक आणि मागची भरदार घ्यावीत, आणि केबिन तुळयांच्या वर न ठेवता त्यांच्यावरून खाली उतरवावी. नव्या पिकअपची केबिन या कामी निरुपयोगी ठरते, कारण तिची पुढची काच वक्र आणि चिकटवलेली असल्याने छत कापून बुटके करणे फार अवघड जाते. सपाट काचेची जुनी केबिन हवी, आणि तेथे वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या फार्गो किंवा डॉज ट्रकच्या तोंडाइतके सुंदर दुसरे काही मला दिसत नाही. आजच्या पिकअपच्या अंगावर ते गोल, गंभीर, अनुभवी मुख चढवले तर महाराष्ट्राला स्वतःचे असे एक वाहनशिल्प मिळेल, असे मी पूर्ण गांभीर्याने म्हणतो.

अडचण वेगळीकडेच आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ धूरनिकषांनंतरच्या डिझेल इंजिनास त्याची संगणक-पेटी, डॅशबोर्डवरील मीटर, किल्लीतील चिप, पेडलचे सेन्सर आणि धूर गाळणारी संपूर्ण यंत्रणा यांची एकमेकांशी ओळख पटल्याखेरीज धड चालता येत नाही. म्हणून केबिन टाकून द्यावी, पण तिच्यातील वायरिंगचा एक धागाही तोडू नये, असा दंडक पाळावा लागतो. या ठिकाणी मला १८८० च्या खानदेश गॅझेटियरमधील धरणगावची एक नोंद आठवते. १८५५ साली सरकारने येथे सरकी वेगळी करणारे ९६ सॉ-जिन बसवले आणि युरोपीय देखरेखीखाली कापूस दाबण्याच्या यंत्रांचा कारखाना काढला; हेतू हा की येथला कापूस स्वच्छ होऊन, गठ्ठे बांधून परस्पर इंग्लंडला जावा. तो प्रयत्न फसला आणि सोडून द्यावा लागला. जिनिंगचा धंदा खानदेशात रुजला तो पुढे. यंत्र उघडून दुरुस्त करणारे हात गावात तयार झाल्याखेरीज ते यंत्र त्या मुलखाचे होत नाही, असा माझा समज आहे, आणि आजच्या पिकअपची संगणक-पेटी त्या अर्थाने अद्याप आमची झालेली नाही.

महाराष्ट्रात या कलेच्या सर्वांत जवळ पोहोचलेला कारागीर मात्र पिकअपच्या वाटेने गेलाच नाही. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे, म्हणजे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव, तेथील दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेखातर जुन्या वाहनांचे भाग आणि भंगारातील लोखंड जमवून, सुमारे ६० हजार रुपयांत एक चारचाकी घडवली, जी दुचाकीप्रमाणे किक मारून सुरू होत असे. डिसेंबर २०२१ मध्ये तिचे चलच्चित्र देशभर पोहोचले. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी जाहीरपणे लिहिले की हे वाहन नियमांत बसत नसल्याने अधिकारी आज ना उद्या ते अडवतील, म्हणून त्याच्या बदल्यात आपण बोलेरो देऊ आणि लोहारांची निर्मिती इतरांस प्रेरणा मिळावी म्हणून जतन करू. जानेवारी २०२२ मध्ये ही अदलाबदल पार पडली. त्या औदार्याविषयी माझ्या मनात आदर आहे. तरीही ज्या मोटारीचे कौतुक साऱ्या देशाने केले, तिला रस्त्यावर राहण्याचा कोणताही कायदेशीर मार्ग नव्हता, ही वस्तुस्थिती मला अस्वस्थ करते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ सांगते की कारखानदाराने मूळ नमूद केलेल्या तपशिलांशी नोंदणी-दाखल्यातील तपशील विसंगत ठरतील असे फेरफार वाहनधारकाने करू नयेत. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळातून आलेल्या प्रकरणात याच अर्थावर शिक्कामोर्तब केले. २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू झाली, पण तीही चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळचे राखणाऱ्यांसाठीच. नीकॅम्पची रोडस्टर आज जळगावच्या परिवहन कार्यालयात आणली, तर या दोन्ही दारांतून तिला परत पाठवावे लागेल. ब्रेक, सुकाणू आणि दिवे यांविषयी कायदा कठोर असावा, याबद्दल माझी तक्रार नाही. मी तो अधिकच कठोर करीन. परंतु इंग्लंडात एकट्यादुकट्या वाहनाची प्रत्यक्ष तपासणी करून मंजुरी देण्याची व्यवस्था आहे, आणि कॅलिफोर्नियात स्वतः बांधलेल्या ५०० वाहनांना दर वर्षी जुन्या सालाच्या धूरनियमांनुसार नोंद मिळते. आपल्याकडे मंजुरीची सारी रीत कारखानदाराच्या नमुन्यासाठी आखलेली आहे. एक माणूस आणि त्याची एक मोटार यांच्यासाठी तीत रकानाच नाही.

केंद्रीय परिवहन खात्याने तो रकाना निर्माण करावा, परवडेल असे शुल्क ठरवावे, वर्षाला शे-दोनशे वाहनांची मर्यादा घालावी आणि तपासणीत जे नापास होईल ते निःसंकोच नाकारावे, एवढीच माझी मागणी आहे. तपासणारी संस्था नव्याने काढावी लागणार नाही, १९६६ साली स्थापन झालेली पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (ए.आर.ए.आय.) वाहने तपासण्याचे काम करीतच आहे, आणि देवराष्ट्रे येथून तेथे एका दिवसात जाऊन परत येता येते.