पांच सहस्रांश सेकंदांची साक्ष

घरांतील रेडिओ चालू असतां मध्येंच खर्र असा आवाज उठतो. शेजारीं कोणी विजेचें बटण दाबलेलें असतें, नाहींतर दूर कोठें वीज चमकलेली असते. श्रोता कपाळाला आठी घालतो आणि पुढील गाणें ऐकूं लागतो. परंतु आकाशांतून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणें हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांना ही खरखर इतक्या सहजपणें सोडून देतां येत नाहीं. ती घरची कीं आकाशांतली, याचा निवाडा त्यांना प्रत्येक वेळीं करावा लागतो. डंकन लॉरिमर या ब्रिटिश ज्योतिर्विदाच्या आयुष्याचीं कित्येक वर्षें अशा एकाच खरखरीचा निकाल लागण्याची वाट पाहण्यांत गेलीं.

लॉरिमर यांनीं १९९४ सालीं मँचेस्टर विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. त्यांचा विषय पल्सार, म्हणजे स्पंदतारे. एखादा मोठा तारा स्फोट पावून संपला म्हणजे त्याच्या गाभ्याचा शहराएवढा घट्ट गोळा मागें उरतो. तो भिंगरीसारखा फिरतो, आणि दीपगृहाच्या झोताप्रमाणें त्याच्या रेडिओलहरी ठराविक कालानें पृथ्वीवरून जातात. हे तारे शोधण्याची रीत त्यांच्या या नियमितपणावरच बसविलेली होती. जें पुनःपुन्हां येतें तें खरें, एकदांच येतें तें टाकाऊ, असा जणूं दंडकच पडून गेला होता. २००६ सालीं लॉरिमर यांच्या पत्नी मॉरा मॅकलॉफ्लिन व त्यांचे सहकारी यांनीं मधूनच एखादा ठोका देणारे तारे उजेडांत आणले, आणि या दंडकाला तडा गेला.

त्याच वर्षीं हें दांपत्य अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठांत रुजू झालें. ऑस्ट्रेलियांत पार्क्स येथें ६४ मीटर व्यासाची रेडिओ-दुर्बीण आहे. तिनें मॅगेलनच्या मेघांचें केलेलें निरीक्षण नोंदींच्या रूपानें जपून ठेवलेलें होतें. एकेकट्या ठोक्यांसाठीं ती जुनी नोंद चाळण्याचें काम लॉरिमर यांनीं डेव्हिड नार्केव्हिक या पदवीपूर्व वर्गांतील विद्यार्थ्याकडे सोंपविलें. त्यांतून २००१ सालचा एक ठोका वर आला. त्याचा अवधी पांच सहस्रांश सेकंदांहूनहि कमी. पार्क्सचें ग्राहकयंत्र आकाशाचे तेरा निरनिराळे ठिपके एकाच वेळीं न्याहाळीत असे. या ठोक्याचा जोर असा, कीं एका ठिपक्यापुरती तर यंत्राची मोजण्याची मर्यादाच ओलांडली गेली होती.

तो किती दुरून आला हें ठरविण्याची युक्ति मोठी सुंदर आहे. अंतराळ अगदीं रिकामें नाहीं. त्यांत मोकळे विद्युत्कण विखुरलेले आहेत. त्यांच्यांतून जातांना अधिक कंपनसंख्येच्या लहरी पुढें निघतात, कमी कंपनसंख्येच्या मागें रेंगाळतात. दिंडी गांवांतून एकाच वेळीं निघते, पण तरणींताठीं माणसें मुक्कामावर आधीं पोंचतात व म्हातारीं मागाहून. वाट जितकी लांब आणि चिखलाची, तितकें त्यांच्यांतील अंतर अधिक. या ठोक्याच्या पहिल्या व शेवटच्या लहरींत सेकंदाच्या सुमारें तिसऱ्या हिश्श्याएवढें अंतर पडलें होतें. एवढा विलंब घडवून आणावयास आपल्या आकाशगंगेंतील त्या दिशेचे सारे विद्युत्कण अपुरे पडत होते. तेव्हां उगम आकाशगंगेच्या पार पलीकडे असला पाहिजे. पहिला अंदाज सुमारें १५० कोटी प्रकाशवर्षांचा निघाला. इतक्या दुरून येऊन जो यंत्राला झेंपला नाहीं, तो मुळांत केवढा असेल!

लॉरिमर व सहकाऱ्यांचा निबंध २००७ सालीं ‘सायन्स’ साप्ताहिकांत प्रसिद्ध झाला. परंतु त्याच जागेवर आणखी ९० तास दुर्बीण रोखूनहि दुसरा ठोका मिळाला नव्हता. एकाच साक्षीदाराच्या जबानीवर खटला उभा होता, आणि पुढें ती जबानीहि डळमळूं लागली. सारा बर्क-स्पोलाओर यांनीं पार्क्सच्याच नोंदींतून तशाच घाटाचे १६ ठोके शोधून काढले व २०११ सालीं ते प्रसिद्ध झाले. कांहींचा विलंब लॉरिमर यांच्या ठोक्याशीं बेतानें जुळत होता. मात्र ते तेराहि ठिपक्यांत एकदमच उमटलेले होते. म्हणजे ते आकाशांतील एखाद्या बिंदूपासून आलेले नसून पृथ्वीवरच, दुर्बिणीच्या आसपास, उपजलेले होते. हरणाचें अंग व पक्ष्याचे पंख असून माणसाची छाया पाडणाऱ्या एका कल्पित प्राण्यावरून त्यांना ‘पेरिटॉन’ हें नांव मिळालें. मग लॉरिमर यांचा ठोका तरी आकाशांतला कशावरून? ही शंका आडमुठेपणाची नव्हती. शास्त्रज्ञानें ती घ्यावयासच हवी होती.

२०१३ सालीं पार्क्सनेंच आणखी चार दूरचे ठोके नोंदले आणि पारडें थोडें झुकलें. पुढील वर्षीं पोर्टो रिकोंतील अरेसिबो दुर्बिणीच्या नोंदींतहि एक मिळाल्याचें जाहीर झालें, तेव्हां दोष केवळ पार्क्सचा नव्हे हें दिसलें. पेरिटॉनचें कोडें मात्र २०१५ सालीं सुटलें, आणि तेंहि स्वयंपाकघरांत. एमिली पेट्रॉफ व सहकाऱ्यांनीं दाखवून दिलें, कीं पार्क्सच्या आवारांतील मायक्रोवेव्ह ओव्हनचें दार वेळ संपण्यापूर्वींच कोणी ओढून उघडलें, तर बंद पडतां पडतां त्यांतील लहरी निसटतात. दुर्बिणीचें तोंड त्या रोखानें असलें कीं पेरिटॉन उमटतो. भुकेल्या माणसाच्या उतावळेपणानें ज्योतिषशास्त्राला इतका घोर क्वचितच लावला असेल. आकाशांतील ठोक्यांच्या वेळा मात्र जेवणाच्या वेळेशीं बांधलेल्या नव्हत्या.

पुढें शोध भराभर लागले. अरेसिबोचा ठोका पुन्हां पुन्हां येतो असें २०१६ सालीं कळलें. २०१७ सालीं त्याचें घर सुमारें ३०० कोटी प्रकाशवर्षांवरील एका खुज्या दीर्घिकेंत सांपडलें. कॅनडांतील ‘चाइम’ दुर्बिणीनें तर २०२१ सालीं पांचशेंहून अधिक ठोक्यांची यादीच दिली. एका उगमाचे ठोके सुमारें सोळा दिवसांच्या फेऱ्यानें जागे होतात. २०२० सालीं पुणें जिल्ह्यांतील खोडद येथील ‘जीएमआरटी’च्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांच्या, दुर्बिणीनें त्याचे पंधरा ठोके टिपले. त्याच वर्षीं २८ एप्रिलला आपल्या आकाशगंगेंतीलच एका मॅग्नेटारनें, म्हणजे प्रचंड चुंबकत्वाच्या मृत ताऱ्यानें, असा ठोका दिला. ‘चाइम’नें तो टिपला, तसाच अमेरिकेंत ठेवलेल्या बादलीएवढ्या लहान यंत्रांनींहि. कांहीं ठोके तरी मॅग्नेटारपासून निघतात, हें त्यावरून ठरलें. सर्वच तसे आहेत कीं काय, याचा वाद मिटलेला नाहीं.

ज्या विलंबावर एवढा वाद माजला, तोच आतां मापदंड झाला आहे. दीर्घिकांच्या मधल्या पोकळींतील विरळ वायु डोळ्यांना दिसत नाहीं. पण त्यांतील विद्युत्कण दूरच्या ठोक्याला किती अडवितात हें मोजतां येतें. २०२० सालीं जाँ-पियेर मॅकार व सहकाऱ्यांनीं या रीतीनें विश्वांतील हिशेबाबाहेर राहिलेलें साधें द्रव्य मोजून दाखविलें.

२०२३ सालचें शॉ पारितोषिक लॉरिमर, मॅकलॉफ्लिन आणि पहिल्या निबंधांतील त्यांचे सहकारी मॅथ्यू बेल्स यांना विभागून देण्यांत आलें. ज्या ठोक्यानें हें सारें आरंभलें, तो एकाच दुर्बिणीनें टिपलेला असल्यामुळें त्याचें घर कोणत्या दीर्घिकेंत आहे याचा मात्र पत्ता लागलेला नाहीं.