गाठ केवढी होती?

शस्त्रक्रिया आटोपली की आप्तांचा पहिला प्रश्न हाच. स्वादुपिंडाच्या कर्करोगात तो अस्थानी नाही. जठरामागे दडलेल्या या इंद्रियातला रोग बहुधा उशिरा कळतो. निदानाच्या वेळी शंभरांतील १५-२० रोग्यांवरच शस्त्रक्रिया शक्य असते. शिरोभागातली गाठ पित्तनलिका दाबते, म्हणून काविळीने लवकर चाहूल लागते; शेपटाकडची मात्र मुकाट्याने वाढत राहते.

२०१८ पासून रूढ झालेल्या वर्गवारीत, मोठ्या रोहिण्या ग्रासल्या नसतील तर, २ सेंटिमीटरपर्यंतची गाठ पहिल्या पायरीत, ४ पर्यंतची दुसऱ्या, त्याहून मोठी तिसऱ्या पायरीत धरतात. पूर्वी गाठ स्वादुपिंडाबाहेर गेली की नाही, हे पाहत. पण या इंद्रियाला स्पष्ट आवरणच नसल्याने तज्ज्ञांतही मतभेद होत. मोजपट्टी त्या मानाने निःसंदिग्ध. लहान गाठीचे रोगी सरासरीने अधिक जगतात, हेही खरे.

परंतु आकडा दिसताच निकाल लिहिण्याची आम्हां कचेरीतल्या लोकांची खोड येथे कामाची नाही. दीड सेंटिमीटरच्या गाठीतूनही रोग लसीका ग्रंथींत पोचलेला असू शकतो. म्हणून किती ग्रंथी बाधित आहेत, कापलेल्या कडेशी रोग उरला आहे काय, हेही अहवालात पाहावे. शिवाय पुढील औषधोपचार आहेच. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्स व कॅनडातील एका चाचणीत, शस्त्रक्रियेनंतर अनेक औषधांचा एकत्रित उपचार मिळालेल्यांपैकी निम्मे रोगी ५४ महिन्यांहून अधिक जगले. एकाच औषधावर ही मर्यादा ३५ महिन्यांची होती. अर्थात हे रोगी चांगल्या प्रकृतीचे, निवडून घेतलेले होते.