रक्तांतील गंज

करवीर तालुक्यांतील गुऱ्हाळांच्या काहिली वाफाळूं लागल्या म्हणजे कोल्हापुरांत मधुमेहाविषयीं बोलणें लग्नघरीं उपवासाची महती गाण्यासारखें होतें! तरी लिहितों, कारण परवां एक वृद्ध स्नेही घरीं आले, ते हातांत गोळ्यांची डबी घेऊन. ‘रक्तांतील गंज’ काढणाऱ्या या गोळ्या सुरू केल्यावर नेहमींचें औषध त्यांनीं पंधरा दिवस बंद ठेविलें होतें. आतां गंज किती उतरला, तें मोजून घ्यावें, असा त्यांचा विचार होता.

गंज हा शब्द अगदींच अयोग्य नाहीं. प्राणवायूवांचून आपण जगत नाहीं. परंतु पेशींत अन्नाचें ज्वलन होतांना त्याचे कांहीं अंश अनावर होऊन आसपासच्या स्निग्ध पदार्थांस व प्रथिनांस इजा करितात. त्यांस आवरणारीं द्रव्यें शरीर स्वतःच निर्माण करितें. त्यांपैकीं एका एन्झाइमाचें कार्य मॅक्कॉर्ड व फ्रिडोविच यांनीं १९६९ सालीं दाखविलें. रक्तांतील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली म्हणजे हे अंश वाढतात आणि आवरणारीं द्रव्यें अपुरीं पडतात. यासच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात.

हे अंश क्षणजीवी असल्यानें सहसा हातीं लागत नाहींत. चोर सांपडला नाहीं, तर पावलांचे ठसे पाहावे, त्याप्रमाणें स्निग्ध पदार्थ तुटून उरणारें मॅलॉनडायअल्डिहाइड शोधितात. नमुन्यांत थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून तापविलें असतां गुलाबी रंग येतो. ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश तो किती शोषितो, यावरून प्रमाण काढितात. मधुमेह्यांच्या गटांत तें निरोगी गटापेक्षां बहुधा अधिक भरतें. परंतु दुसरींही द्रव्यें या आम्लाशीं रंग देतात, आणि नमुना तसाच राहिला तर स्निग्धांश नळींतच तुटत राहतात! म्हणून प्रयोगशाळेगणिक आंकडे बदलतात. दोन गटांची तुलना करण्यास हें माप चांगलें. एकट्या गृहस्थाचें औषध त्यावरून ठरवितां येत नाहीं.

गोळ्यांची कथा याहून निराशाजनक आहे. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ चाचणींत नऊ हजारांहून अधिक रुग्ण होते, व त्यांत मधुमेहीही पुष्कळ होते. सुमारें निम्म्यांस रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व साडेचार वर्षें दिलें. हृदयविकार त्यानें कमी झाला नाहीं.

स्नेह्यांस मीं एचबीएवनसी तपासावयास सांगितलें. तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते, आणि तिच्या हिमोग्लोबिनास चिकटलेली साखर मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब देते. नेहमींचें औषध त्याच सायंकाळीं डॉक्टरांस विचारून सुरू करण्याचें त्यांनीं मान्य केलें. उंबरठ्यापाशीं मात्र ते थबकले.

“साखर सोडतों, पण गूळ चालेल ना?”

गुळांतही बहुतांश साखरच असते, हें मीं त्यांस दारांतच सांगितलें.