दोन खिडक्या आणि एक सारस

गोंदिया तालुक्यातल्या परसवाड्याकडच्या धानाच्या बांध्यांत सारसांची जोडी उतरली, की हातभर लांब लेन्सा तिच्यावर रोखल्या जातात. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः याच जिल्ह्यात. अशा वेळी कुणी पिशवीतून १९५४ साली बाजारात आलेला लायका एम-३ काढला, तर शेजारचे हसतील. संग्राहक ज्याच्यावर जीव टाकतात, त्या कॅमेऱ्याची सारसापुढे पंचाईत का व्हावी?

उत्तर त्याच्या कपाळावरच्या खिडक्यांत आहे.

या जर्मन कॅमेऱ्यात लेन्समधून पाहायचंच नसतं. दोन खिडक्यांमधून एकच दृश्य आत येतं आणि मधल्या छोट्या उजळ आयतात दोन प्रतिमा पडतात. समोर अंगणातलं तुळशीवृंदावन असेल, तर तिथे दोन वृंदावनं दिसतात. लेन्सची कडी फिरवत गेलं, की एक सरकत सरकत दुसऱ्यावर नेमकं बसतं. बसलं, की फोकस झाला. हाच रेंजफाइंडर, म्हणजे अंतरमापक.

हिशेब साधा त्रिकोणाचा. खिडक्यांमधलं अंतर ६८.५ मिलिमीटर; हा पाया. पाया आणि कोन कळले, की वृंदावनाचं अंतर कळतं. भूमापक विल्यम लॅम्ब्टन याच रीतीने दक्षिणेकडून हिंदुस्थान मोजत आला आणि १८२३मध्ये हिंगणघाटला वारला. त्याचा पाया काही मैलांचा, कॅमेऱ्याचा जेमतेम चार बोटांचा!

इथेच गाडं अडतं. एक मीटरवरच्या वृंदावनाशी दोन खिडक्यांच्या नजरा सुमारे ३.९ अंशांचा कोन करतात. दहा मीटरवर तो ०.३९ अंश होतो, पन्नास मीटरवरच्या सारसापाशी जेमतेम ०.०८. सारस आणखी पन्नास मीटर मागे सरकला, तरी फरक पडतो ०.०४ अंशाचा. त्यात लेन्स जितकी लांब पल्ल्याची, तितकी फोकसची चूक फोटोत ठळक. म्हणून एम-३च्या खिडकीत फोटोची हद्द दाखवणाऱ्या चौकटी ५०, ९० आणि १३५ मिलिमीटरच्या लेन्सवरच थांबल्या. १९५९मध्ये निकॉन एफ आला. त्यात आरशामुळे थेट लेन्समधलंच दृश्य दिसे. पक्ष्यांमागे फिरणारे तिकडे वळले.

मात्र एम-३मध्ये आरसा नाही, त्यामुळे आरशाचा खटकाही नाही. शटर उघडतं त्या क्षणीही समोरचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही.

जुना एम-३ विकत घेताना जाणकार आधी कडी अनंतावर नेतो आणि दूरच्या पाण्याच्या टाकीकडे पाहतो. आपटलेल्या कॅमेऱ्यात आतली जुळणी हललेली असू शकते. आयतात टाकी एकच दिसली, तर किमतीचं बोलणं सुरू होतं. दोन दिसल्या, तर आधी दुरुस्तीचा खर्च विचारला जातो.